फायरवायर : एका डॉलरवर अडलेली तार

घरगुती चित्रीकरणाच्या इतिहासात कॅमेऱ्याचा आणि संगणकाचा उल्लेख होतो. त्या दोघांना जोडणाऱ्या तारेचा सहसा होत नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘ॲपल’ने ‘फायरवायर’वर काम सुरू केले, ते ‘स्कझी’ या जाडजूड केबलच्या जोडणीला पर्याय म्हणून. १९९५ मध्ये तिला ‘आयईईई १३९४’ या क्रमांकाने प्रमाण जोडणीचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी सोनीचा ‘व्हीएक्स १०००’ हा डिजिटल कॅमेरा ती घेऊन बाजारात आला.

चलच्चित्राला नुसता वेग पुरत नाही, सातत्य लागते. प्रवाहात खंड पडला की चौकटी गळतात. फायरवायरमध्ये दर सेकंदाचे ८,००० भाग पडत आणि प्रत्येक भागात चित्र व ध्वनी यांच्यासाठी जागा राखून ठेवता येई. कमाल वेग सेकंदाला ४०० मेगाबिट होता. ‘डीव्ही’ फितीवरील चित्राला सुमारे २५ पुरत. फितीवरची माहिती जशीच्या तशी संगणकात उतरे, प्रतीची प्रत काढली तरी चित्र फिकट होत नसे. १९९९ मध्ये ‘आयमॅक डीव्ही’ या संगणकावर फायरवायर आणि ‘आयमूव्ही’ एकत्र आले, आणि संकलनाचे काम घरातल्या टेबलावर होऊ लागले.

मग ही जोडणी मागे का पडली? १९९९ च्या सुमारास ॲपलने प्रत्येक पोर्टमागे एक डॉलर शुल्क मागितले. उद्योगात नाराजी पसरल्यावर ते यंत्रामागे २५ सेंटवर आले, पण तोवर इंटेलने ‘यूएसबी’लाच बळ द्यायचे ठरवले होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट हे यूएसबीच्या शिल्पकारांपैकी एक. तिची पहिली आवृत्ती १२ मेगाबिटची. २००० मधली दुसरी ४८० ची. सतत वाहणाऱ्या चित्रासाठी फायरवायर तरीही सरस होती, पण यूएसबी स्वस्त होती आणि कीबोर्डपासून प्रिंटरपर्यंत सगळ्यांना चालत होती. २००१ चा पहिला आयपॉड फायरवायरवर चाले. २००५ च्या आयपॉडमध्ये गाणी भरायला यूएसबीच लागू लागली.

या हारजितीची किंमत आज फिती मोजत आहेत. त्या काळातली लग्ने, माहितीपट, वृद्धांच्या मुलाखती डीव्ही फितींवर आहेत. त्या वाचायला चालू कॅमेरा आणि फायरवायर असलेला संगणक लागतो. नव्या संगणकांवर ते पोर्ट उरलेले नाही. कागद वाचायला डोळे पुरतात. इथे यंत्र, तार आणि पोर्ट तिन्ही शाबूत हवीत. घरात किंवा संस्थेत अशा फिती असतील, तर जुना संगणक भंगारात देण्याआधी त्या उतरवून घ्याव्यात.