भ्यालेल्या लेकराच्या हाती

गेल्या चतुर्थीस डिचोली महालातील एका आप्तांच्या घरी आमचे जाणे झाले. गणपतीपुढे माटोळी बांधून झाली होती, आरत्यांना अवकाश होता, आणि शहरातून आलेली पाहुणेमंडळी आपापल्या भेटी उलगडून दाखवीत होती. घरच्या सात वर्षांच्या नातीसाठी त्यांनी एक जड पांघरूण आणले होते. त्याच्या आत काचेचे बारीक मणी शिवलेले होते. मुलगी रात्री दचकून उठते, शाळेचे नाव काढले की तिच्या पोटात दुखते, काळोख पडल्यावर न्हाणीपर्यंतही एकटी जात नाही. अशा मुलांचे मन या वजनाने निवते, असे पाहुण्यांनी सांगितले. घरच्या वृद्ध यजमानीणबाईंनी ते दोन्ही हातांवर तोलून पाहिले आणि त्या म्हणाल्या, "ही तर आमची वाकळच म्हणायची."

त्यांचे हे शब्द पुढे कित्येक दिवस आमच्या मनात घोळत राहिले. भ्यालेल्या मुलाला धीर यावा म्हणून त्याच्या हाती, गळ्यात वा अंगावर काहीतरी द्यावे, ही कल्पना आपणांस कोणाकडून उसनी घ्यावी लागली नाही. पेडणे व डिचोली या महालांत तर तिची परंपरा विशेष अखंड राहिली, आणि त्याला इतिहासाचे कारण आहे. जुन्या काबिजादींत 1736 च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने नवख्रिस्ती कुटुंबांच्या जन्म, विवाह व मृत्यू या प्रसंगींच्या अनेक घरगुती चालींवर बंदी घातली. त्या वेळी हे दोन्ही महाल पोर्तुगिजांच्या अमलाखाली नव्हते. डिचोली 1781 च्या सुमारास व पेडणे 1788 मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून त्यांच्याकडे गेले, तोवर राज्यकर्त्यांचा पूर्वीचा आवेश ओसरला होता. नव्या काबिजादींतील देवळे व आचार यांना हात लावू नये, असे धोरण ठरले. त्यामुळे बाळंतिणीच्या खोलीतील रीतीभाती आजीकडून नातीकडे जशाच्या तशा येत राहिल्या.

या देण्याघेण्याचा आरंभ सटीच्या रात्रीपासून होतो. सहाव्या रात्री घरची माणसे जागतात, दिवा मालवू देत नाहीत. पुढे आजोळहून पाळणा येतो. पाळण्यावर टांगावयाचे चिमणाळे, पायांतले वाळे, कमरेचा करगोटा, मनगटातील काळे मणी आणि कुलदेवतेच्या देवळातला अंगारा, हे सारे त्याच्या मागोमाग येते. श्रीमंतांच्या घरी चांदीत मढविलेले वाघनखही मुलाच्या गळ्यात असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती गोष्ट उरली नाही, आणि ते उत्तमच झाले. यांतील पुष्कळशा वस्तू 'दीश्ट' लागू नये म्हणून दिल्या जात, हे खरे. परंतु जरा बारकाईने पाहिले तर दुसरेही एक काम त्या करीत असत. वाळ्यांच्या नादाने आईला मूल कुठे आहे ते कळे, आणि मुलालाही आपल्याच पायांचा ओळखीचा नाद अंधारात सोबत करी. चिमणाळ्याकडे टक लावून पाहता पाहता रडणे थांबते, हे तर प्रत्येक घराने अनुभविले आहे.

मूल चालू लागले की पाळी येई सावंतवाडीच्या खेळण्यांची. तेथल्या चितारआळीतील कारागीर गंजिफा रंगवीत, देवघरातले पाट व चौरंग करीत, आणि लहानग्यांसाठी भोवरे, भातुकली, फळे व भाज्या घडवीत. पांगाऱ्याचे लाकूड त्यांच्या विशेष आवडीचे, कारण ते हलके, मऊ आणि कोरावयास सोपे. पेडण्याचे राजकीय नाते 1788 मध्ये तुटले तरी बाजाराचे व सोयरिकीचे नाते तुटले नाही. लेकीच्या सासरी पोहोचवावयाच्या वझ्यातून एखादे लाकडी आंबा-केळे नातवासाठी जाईच. 1955 मध्ये भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली, तेव्हा 1961 पर्यंत ही वाट अडली. इकडे डिचोलीच्या कुंभारांची मातीची खेळणी होतीच. जत्रेच्या फेरीतून खाज्याच्या पुडीबरोबर तीही घरी येत, आणि चार दिवसांत फुटत. मुलाचे खेळणे फुटले तर इडापिडा गेली म्हणावयाची, अशी आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांची समजूत घालण्याची पद्धत! तिने किती रडणी थांबविली असतील, याची गणती नाही.

आता जे सांगावयाचे आहे त्याचा आधार फार जुना आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, बालकाच्या संगोपनाचा विचार आला आहे. तेथे खेळण्यांविषयी जे नियम घातले आहेत ते वाचून आजचा मनुष्य थक्क होतो. खेळणी नाना प्रकारची, नाद करणारी व चित्ताकर्षक असावीत. जड नसावीत, टोकदार नसावीत. तोंडात जातील एवढी लहान नसावीत, जिवाला अपाय करणारी नसावीत. आणि शेवटी, मुलाला भीती घालणारी नसावीत. आमच्या चितारी बंधूंनी चरक वाचला होता, असे आम्हांस मुळीच सुचवावयाचे नाही. परंतु पांगाऱ्याचे ते हलके, गोलसर, रंगीत फळ या नियमांना किती नेटके उतरते पाहा.

एवढ्यावरच चरक थांबत नाही. मूल रडू लागले, जेवेनासे झाले किंवा ऐकेनासे झाले, तरी त्याला वश करण्यासाठी राक्षस, पिशाच, पूतना इत्यादींची नावे घेऊन भिववू नये, असे तो स्पष्ट बजावतो. मुलाला घाबरविणे मुळी बरेच नव्हे, हा त्याचा अभिप्राय. ज्या अध्यायात मुलाने मणी व औषधी धारण कराव्यात असे सांगितले आहे, त्याच अध्यायात, त्याच्या लगतच, हा निषेध आहे.

आम्ही मात्र यातले पहिले उचलले आणि दुसरे सोडले. आपल्या घरांत मुलांना भिवविण्यासाठी काय काय वापरले जाते? बागुलबुवा आहे, पोतेवाला भिकारी आहे; पण सर्वांत अधिक नाव घेतले जाते ते देवचाराचे. आणि ह्याचा आम्हांस खेद वाटतो. कारण देवचार म्हणजे कोण? तो गावचा राखणदार. हातात दांडा, खांद्यावर कांबळे आणि पेटती चूड घेऊन रात्री सीमेवरून फिरणारा, वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोहोचविणारा, अशीच त्याची कथा आपल्या वाडवडिलांनी सांगितली आहे. शेतकरी त्याला रोट देतो तो काही भयाने नव्हे. रात्रभर जागणाऱ्याची ती बिदागी आहे. वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात, त्या तरी का? तो रात्रभर गावासाठी हिंडतो, म्हणून त्याच्या वहाणा झिजतात. झिजलेली वहाण दाखवून ज्याची कळकळ सांगावी, त्याचेच नाव घेऊन आपण मुलाला घास भरवितो. मग ते मूल रात्री दचकले की त्याच्या दंडात ताईत बांधावयास धावतो. एका हाताने भय द्यावे आणि दुसऱ्या हाताने त्यावरचा उतारा, हा व्यवहार चरकाला मान्य झाला नसता.

आमच्या देवस्थानांची रीत याहून निराळी आहे. कोजागिरीला पेडण्यास जी पुनव भरते, तीत रवळनाथ व भूतनाथ यांची तरंगे निघतात, आणि पिशाचबाधा झाली असे ज्यांच्याविषयी मानतात अशा माणसांना दूरदूरहून तेथे आणीत आले आहेत. त्या उपचाराविषयी आजच्या डॉक्टरांचे मत वेगळे असेल व ते ऐकावे. परंतु भ्यालेल्या माणसाला तेथे कोणी एकटे पाठवीत नाही. घरचे चार जण त्याचा हात धरून उभे असतात, एवढे त्या गर्दीत कोणाच्याही लक्षात यावे.

आता वाकळीकडे वळतो. जुनी लुगडी व धोतरे एकावर एक घालून दाट टाक्यांनी ती शिवतात, म्हणून तिला वजन येते. पण मूल तिला बिलगते ते वजनामुळेच काय? इंग्लंडातील बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डी. डब्ल्यू. विनिकॉट यांनी 1951 मध्ये एक व्याख्यान दिले. ते 1953 मध्ये छापून निघाले. लहान मूल एखाद्या चिंधीला, पांघरुणाच्या कोपऱ्याला किंवा मऊ बाहुलीला असे धरून बसते, की आई जवळ नसतानाही तिच्या सान्निध्याचा आधार त्यातून त्याला मिळतो. ती वस्तू धुतली तरी मूल रुसते, कारण तिचा वास जातो. हे निरीक्षण त्यांचेच. आजीच्या लुगड्याची वाकळ का हवीशी वाटते याचा उलगडा आम्हांस त्या इंग्रज वैद्याच्या लेखनात मिळाला, हे मान्य करण्यात संकोच कसला? बाजारातल्या पांघरुणात मणी भरता येतात. आजीचे लुगडे भरता येत नाही.

हातात काहीच न देता दिलेल्या भेटीचीही एक गोष्ट गोमंतकात सांगतात. कांदोळीचे आबे फारिया (1756–1819) हे पुढे संमोहनविद्येसाठी युरोपभर गाजले. तरुणपणी लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचनास उभे राहिले असता त्यांची वाचाच बसली. तेव्हा जवळ असलेल्या वडिलांनी हळूच कोंकणीत म्हटले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी." आणि मुलाला कंठ फुटला. आख्यायिकेचा भाग सोडून दिला, तरी परक्या दरबारात घरच्या भाषेचे चार शब्द कानी पडावेत, याचे मोल कोणाही गोमंतकीयाला कळेल.

भेट विकत घ्यावयाचीच तर डोळे उघडे ठेवून घ्यावी. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर भारतीय मानक संस्थेची मुद्रा सक्तीची झाली आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणून लाकडी खेळणे घेताना वर कोणता रंग दिला आहे हे कारागिराला विचारून घेणे आपल्याच माथी येते. तान्ह्या मुलाच्या अंगावर मणी भरलेले जड पांघरूण मुळीच घालू नये. आणि मुलाचे भय महिनोन्महिने टिकून त्याचे जेवण, झोप व शाळा यांवर येऊ लागले, तर डॉक्टरांकडे जावे. तेथे वाकळही पुरी पडत नाही.

त्या रात्री आरती आटोपल्यावर यजमानीणबाईंनी नातीला मांडीवर घेऊन एवढेच विचारले, की भय नेमके कशाचे? बऱ्याच वेळाने उत्तर आले. जेवत नाही म्हणून घरातल्याच कोणीतरी तिला सांगितले होते, की वडाखालचा देवचार पोत्यात घालून नेतो. बाई कोणाला काही बोलल्या नाहीत. मुलीला त्यांनी ओसरीवर नेले, वडाकडे बोट केले आणि म्हणाल्या, "भिवूं नाका, आमचोच राखणदार तो." मग त्याची चूड, त्याचे कांबळे, वाट चुकलेल्या गुराख्याला त्याने कसे घरी आणले, ते सारे त्यांनी सांगितले, आम्हीही ऐकत बसलो. यंदाचा रोट द्यावयास तिनेही बरोबर यावे, असे ठरले. नवे पांघरूण तिने त्या रात्री घेतले की वाकळ, हे आम्ही विचारले नाही. रोटाची परडी आपण धरणार, हे मात्र तिने सकाळी आम्हांस दोनदा सांगितले.