आरोग्य सांख्यिकी : खानदेशातील नोंदी आणि मोजमाप

आरोग्य सांख्यिकी : लोकसमूहातील जन्म, मृत्यू, आजार व उपचार यांच्या नोंदी गोळा करून त्यांवरून दर काढणारी आणि त्या दरांचा अर्थ लावणारी सांख्यिकीची शाखा. येथे तिच्या मूलभूत संकल्पना जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात दिल्या आहेत. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. त्यांचेच हे आजचे जिल्हे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. त्यामुळे त्याआधीचा ‘धुळे’ आणि नंतरचा ‘धुळे’ यांचे आकडे एका तक्त्यात शेजारी मांडून वाढ-घट काढली, तर ती लोकांची नसून नकाशाची असते.

अंश व छेद : आरोग्याचा प्रत्येक दर हा अपूर्णांक असतो. वरचा अंश म्हणजे घडलेल्या घटना, खालचा छेद म्हणजे ज्यांच्या बाबतीत ती घटना घडू शकली असती असे सगळे. जन्मदर व मृत्युदर यांचा छेद वर्षाच्या मध्यावरची, म्हणजे १ जुलैची लोकसंख्या असतो आणि ते दर हजारी सांगतात. अर्भकमृत्युदराचा छेद मात्र लोकसंख्या नसून त्या वर्षी जिवंत जन्मलेली बालके असतो. वर्ष पूर्ण होण्याआधी दगावलेली बालके हा त्याचा अंश. मातामृत्यूचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे देतात. बातमीत येतो तो बहुधा अंशच. वाचकाने आधी छेद विचारावा.

छेद चुकला की काय होते, हे जळगावने २०२० मध्ये पाहिले. त्या वर्षी जूनच्या सुरुवातीला जिल्ह्यातील कोरोनाचा मृत्युदर बारा टक्क्यांच्या आसपास सांगितला जात होता. देशात तेव्हा तो तीन टक्क्यांच्या आत होता. हा दर म्हणजे बाधित आढळलेल्यांपैकी मृत झालेल्यांची टक्केवारी. सुरुवातीला जळगावचे स्वॅब तपासणीसाठी धुळ्याच्या प्रयोगशाळेत जात. तपासण्या थोड्या, त्याही प्रामुख्याने लक्षणे ठळक असलेल्यांच्या. म्हणजे घरीच बरे झालेले छेदात आलेच नाहीत. उपचारातील उणिवा खऱ्या होत्या आणि त्यांवर कारवाईही झाली, पण बारातला किती भाग उणिवांचा आणि किती तोकड्या छेदाचा, हे त्या एका आकड्यातून वेगळे काढता येत नाही. तपासण्या वाढल्यावर दर खाली आला. त्यातही सुधारणा किती आणि छेदाची वाढ किती, हा प्रश्न उरतोच.

नोंदणी : ब्रिटिश अमदानीपासून गावचे जन्म-मृत्यू गावकामगार लिहीत. महसुली दप्तरात ही वही गाव नमुना १४, लोकांच्या बोलण्यात ‘कोतवाल बुक’. तिच्यात बऱ्याचदा बाळाचे नाव नसते. बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच. आज तहसील कचेरीत ही जीर्ण पाने चाळणारे लोक पणजोबांच्या जातीचा पुरावा शोधत असतात. मृत्यूचे कारण लिहिलेल्या रकान्याकडे कोणी पाहत नाही, आणि साथींचा इतिहास लिहिणाऱ्याला तोच रकाना मोलाचा आहे.

सध्याची नोंदणी जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार होते. घटना २१ दिवसांच्या आत कळवायची असते. जन्माचा अहवाल नमुना १, मृत्यूचा २, मृतजन्माचा ३. खेड्यात निबंधकाचे काम ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) पाहतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या सुधारणेमुळे त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखला लागतो, त्यामुळे जन्म सहसा सुटत नाहीत. मृत्यू सुटतात. ज्याच्या नावावर जमीन नाही, विमा नाही, त्याचा दाखला मागायला कोण येणार? नाव ठेवण्याआधी गेलेले बाळ तर सर्वांत सहज सुटते. ‘कोवळी पानगळ’ या अहवालात स्वयंसेवी संस्थांनी राज्यातील बालमृत्यूंची स्वतंत्र मोजणी करून सरकारी नोंदीतील ही गळती दाखवली होती.

नोंद घटना घडली त्या ठिकाणी होते, राहत्या गावी नव्हे. खानदेशात या नियमाला फार महत्त्व आहे. सासर साक्रीला, माहेर पारोळ्याला आणि सिझेरियन जळगावात झाले, तर जन्म जळगाव महापालिकेच्या खात्यात जातो. शहराचा जन्मदर फुगतो, खेड्याचा आक्रसतो. त्यात सुरतची भर : उधना-लिंबायत भागातल्या खानदेशी कुटुंबांतील सून बाळंतपणाला इकडे येते, आणि इकडचा रुग्ण उपचारासाठी तिकडे जातो. ऊसतोडीला गेलेली चाळीसगावकडची कुटुंबे व गुजरातेत शेतमजुरीला उतरलेले सातपुड्यातले पावरा सहा-सहा महिने गावच्या छेदात असतात, पण गावात नसतात. आशाताई लसीकरणाच्या यादीपुढे ‘बाहेरगावी’ लिहितात, तेव्हा तो कामचुकारपणा समजू नये. ती अचूक नोंद आहे.

मृत्यूचे कारण : रुग्णालयातील मृत्यूचे कारण डॉक्टर नमुना ४ मध्ये भरतो, रुग्णालयाबाहेरच्या मृत्यूसाठी ४-अ आहे. त्यात तात्कालिक कारणापासून मूळ कारणापर्यंतची साखळी लिहायची असते. ‘हृदयक्रिया बंद पडून’ हे कारण नव्हे. मरणाऱ्या प्रत्येकाची हृदयक्रिया बंद पडते. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांपुढे जातो. तेव्हा उन्हातून आलेल्या म्हाताऱ्याच्या दाखल्यावर फक्त हृदयविकार लिहिला गेला, तर उष्माघात आकडेवारीतून नाहीसा होतो.

लहान आकडे : पाच हजार लोकवस्तीचे एक आरोग्य उपकेंद्र धरू. २०२० मध्ये नमुना नोंदणी पद्धतीनुसार (तिच्याविषयी पुढे ‘नमुना पाहण्या’ पाहा) राज्याचा जन्मदर १५ आणि अर्भकमृत्युदर १६ होता. तेच दर लावले तर उपकेंद्रात वर्षाला ७५ जन्म आणि साधारण एक अर्भकमृत्यू अपेक्षित. एखाद्या वर्षी शून्य, एखाद्या वर्षी तीन, हा निव्वळ योगायोगाचा खेळ असू शकतो. तीन मृत्यू म्हणजे ‘दर ४०’ असा हिशेब मांडून नर्सबाईंना नोटीस काढणे सांख्यिकीत बसत नाही. मातामृत्यूचे राज्याचे प्रमाण २०१८–२० मध्ये ३३ होते. त्या हिशेबाने या उपकेंद्रात चाळीस वर्षांत एक मृत्यू, तर सगळ्या जळगाव जिल्ह्यात वर्षाला सुमारे एकवीस. म्हणून मातामृत्यूचे प्रमाण जिल्ह्याच्या खाली काढत नाहीत. प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी करतात.

लिंगगुणोत्तराचेही तेच. बारा जन्मांच्या गावात आठ मुलगे आणि चार मुली झाल्या, तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या, २००१ मध्ये ८८०. धुळ्यात अनुक्रमे ८९८ आणि ९०७. लाखो बालकांच्या छेदावरची ही घसरण योगायोगाच्या पलीकडची आहे.

चाचणीचे गणित : आजारी व्यक्तीला आजारी ठरवण्याची क्षमता ती संवेदनक्षमता, निरोगी व्यक्तीला निरोगी ठरवण्याची ती विशिष्टता. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलसाठी आधी विद्राव्यता चाचणी करून संशयित नमुने खात्रीच्या तपासणीला पाठवतात. समजा, दोन्ही गुण ९५ टक्के आहेत. ज्या पाड्यांत शंभरात दहांना दोष आहे तेथे दहा हजार तपासण्यांत ९५० खरे आणि ४५० खोटे संशयित निघतील. शंभरात एकालाच दोष असलेल्या शहरी वस्तीत खरे ९५, खोटे ४९५. चाचणी तीच, अर्थ वेगळा. पहिल्या अहवालावर मुलीचे लग्न मोडणाऱ्यांनी हे गणित एकदा पाहावे.

नमुना पाहण्या : नमुना नोंदणी पद्धतीत निवडक गावांत वर्षभर नोंद ठेवली जाते आणि दर सहा महिन्यांनी दुसरी व्यक्ती स्वतंत्र पाहणी करते, दोन्ही याद्या जुळवून सुटलेल्या घटना पकडतात. ती जिल्ह्याचे आकडे देत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१५–१६ पासून जिल्हावार निर्देशांक देते.

२०११ मध्ये जळगावची लोकसंख्या ४२,२९,९१७ आणि धुळ्याची २०,५०,८६२ होती. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ जाहीर झाला आहे. तोवर या दोन्ही जिल्ह्यांच्या जन्मदर-मृत्युदरांचा छेद अंदाजानेच धरावा लागतो.