व्हिडिओ गेम

पडद्यावरचे चित्र खेळणाऱ्याच्या हाताबरोबर हलते, असा इलेक्ट्रॉनिक खेळ. बटण दाबले की पडद्यावरचा गडी उडी मारतो, उशीर झाला की मरतो. चित्राचे हे तत्काळ उत्तर हेच खेळाचे मुख्य लक्षण. कथा, रंग, संगीत नसले तरी चालते.

१९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने ऑसिलोस्कोपवर टेनिस खेळवले. १९७२ मध्ये अटारीचा ‘पाँग’ आणि घरच्या टीव्हीला जोडायचे ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ हे यंत्र आले. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रू जसजसे मरत, तसतसे उरलेले वेगाने चालून येत. यंत्राची ताकद तोकडी होती. चित्रे कमी झाली की त्याचे काम हलके होई आणि वेग वाढे. खेळाचे कर्ते तोमोहिरो निशिकादो यांनी ही उणीव तशीच ठेवली आणि तिच्यातूनच खेळ रंगला. तंत्राच्या मर्यादेचा इतका सुंदर उपयोग क्वचितच झाला असेल.

मराठी घरांत ‘व्हिडिओ गेम आणला’ म्हणजे बहुधा यंत्रच आणलेले असे. १९९० च्या दशकात बाजारात निन्टेंडोच्या ‘फॅमिकॉम’ या यंत्राच्या (१९८३) स्वस्त नकला मिळत. त्यांत खोचायच्या खोक्याला मुले ‘कॅसेट’ म्हणत. आत फीत नसे, चिप बसवलेली पट्टी असे. खेळ अडकला की कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची, हा सर्वांचा उपाय. गुण यायचा तो फुंकरीने नव्हे, कॅसेट पुन्हा नीट बसल्याने. जत्रेत मिळणारा, विटा रचायचा हातातला खेळही ‘व्हिडिओ गेम’च, त्याचे मूळ अलेक्सी पाजित्नोव यांनी मॉस्कोत रचलेल्या ‘टेट्रिस’मध्ये. मोबाइल आल्यावर बोलण्यात नुसते ‘गेम’ उरले. ‘लेव्हल’, ‘लाइफ’, ‘गेम ओव्हर’ हे शब्द मात्र टिकले.

आज वर्तमानपत्री भाषेत पैसे लावून खेळायची रमी आणि मुलांचा मारिओ दोन्ही ‘ऑनलाइन गेमिंग’च्या एकाच मथळ्याखाली येतात. ही सरमिसळ टाळायला हवी. मुलांच्या हातातून मोबाइल काढून घेणाऱ्या पालकाला आपण नेमके काय थांबवतो आहोत हे कळले पाहिजे. भारताच्या २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानेही पैशांच्या खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, वेगळे ठेवले आहेत.