तीन त्सुनांचे सुवर्णकमळ

चीनमध्ये मुलींची पावले बालपणीच पट्ट्यांनी आवळून त्यांची वाढ रोखण्याची जी प्रथा होती, तिचे मूळ एका दरबारी नर्तकीपाशी नेऊन पोहोचवण्याचा परिपाठ जुना आहे. दक्षिण तांग राज्याचा अखेरचा राजा ली यू (राज्यकाल ९६१ ते ९७५) याने सोन्याचे उंच कमळ घडवून घेतले आणि याओनियांग नावाच्या नर्तकीने रेशमी पट्ट्यांनी पाय चंद्रकोरीसारखे बांधून त्यावर नृत्य केले, अशी ही कथा आहे. मात्र तिच्या नोंदी ली यूनंतर बऱ्याच काळाने रचलेल्या ग्रंथांत सापडतात, आणि त्यातील कमळही नवे नाही. पाचव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण छी घराण्याच्या एका सम्राटाने आपल्या प्रिय राणीसाठी जमिनीवर सोन्याची कमळे अंथरली होती, असे इतिहासग्रंथ सांगतात. त्या राणीची पावले बांधलेली असल्याचा उल्लेख मात्र कोठेही नाही. म्हणजे पुढे बांधलेल्या पावलाला मिळालेले ‘सुवर्णकमळ’ हे नाव प्रथेपेक्षा वयाने मोठे आहे.

बाराव्या शतकातील लेखक चांग पांगची याने ही रीत अलीकडची असून पूर्वीच्या ग्रंथांत तिचा उल्लेख नाही, असे स्पष्ट नोंदवले आहे. तेराव्या शतकात छे रोश्वेई याने, चार-पाच वर्षांच्या निरपराध मुलींना या यातना का द्याव्यात, असा प्रश्न उपस्थित केला. त्यावरून शंभर-दीडशे वर्षांत ही रीत किती पसरली असावी, याचा अंदाज येतो. लिखित शब्दापेक्षा भरवशाचा पुरावा थडग्यांतून मिळतो. १२४३ मध्ये ऐन तारुण्यात मृत्यू पावलेल्या ह्वांग शंग या उच्चकुलीन विवाहितेच्या फूचौ येथील थडग्यात पायांना गुंडाळलेली तलम पट्टी आणि सुमारे १४ सेंटिमीटर लांबीचे, टोकाशी वर वळलेले अरुंद जोडे आढळले. पाऊल निमुळते व सडपातळ दिसावे, एवढाच त्या काळातील बांधणीचा हेतू दिसतो.

‘तीन त्सुनांचे कमळ’ ही नंतरची, बहुधा मिंग काळातील घडण होय. त्सुन हे सुमारे सव्वातीन सेंटिमीटरचे चिनी माप असून, दहा सेंटिमीटरांचे पाऊल हा आदर्श केवळ आवळण्याने साधत नसे. त्यासाठी साधारण पाच-सहा वर्षांच्या मुलीची अंगठा सोडून उरलेली चार बोटे तळव्याखाली दुमडीत, टाच पुढच्या चवड्याकडे ओढीत आणि मधली कमान मोडेपर्यंत लांब पट्टी रोज अधिकाधिक ताणीत. जखमा चिघळत, कधी बोटेही गळून पडत. हे काम बहुधा आई किंवा आजीच करी, कारण मोठ्या पायांच्या मुलीला चांगले स्थळ मिळणार नाही, ही भीती दोघींनीही स्वतःच्या लग्नाआधी अनुभवलेली असे.

पुढे चीनवर सत्ता मिळवलेल्या मांचू राज्यकर्त्यांनी १६६४ मध्ये या प्रथेवर घातलेली बंदी अवघ्या चार वर्षांत मागे घ्यावी लागली. पुरुषांच्या डोक्यावर वेणी लादण्यात तेच राज्यकर्ते यशस्वी झाले होते. पण डोके रस्त्यावर तपासता येते, मुलीचे पाऊल घराच्या आत बांधले जाते. चीनमधीलच हाक्का समाजाने मात्र ही प्रथा स्वीकारलीच नाही. त्यांच्या स्त्रिया उघड्या शेतात राबत.

श्रमाचा हा धागा महत्त्वाचा आहे. लॉरेल बॉसेन आणि हिल गेट्स या अभ्यासकांनी ग्रामीण चीनमधील अठराशेंहून अधिक वृद्ध स्त्रियांच्या मुलाखतींवरून असे मांडले की, बांधलेली पावले लहान मुलीला एका जागी बसवून तिच्याकडून सूतकताई व विणकाम करून घेण्यास सोयीची होती. प्रथेचा उगम यातून उलगडत नाही, परंतु दरबारातील हौस शेतकऱ्याच्या झोपडीत शतकानुशतके का टिकली, याचे हे उत्तर नर्तकीच्या कथेपेक्षा पटण्याजोगे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आधी मिशनऱ्यांनी आणि नंतर खांग यौवेई, लियांग छीछाव यांसारख्या सुधारकांनी विरोधी संस्था उभारल्या. मुलीचे पाय बांधणार नाही आणि मुलासाठी बांधल्या पायांची सून आणणार नाही, अशी दुहेरी शपथ सभासद घेत, त्यामुळे विवाहाच्या बाजारातील कोंडी दोन्ही बाजूंनी फुटू लागली. १९०२ मध्ये राजमाता त्सशी हिने या प्रथेविरुद्ध फर्मान काढले, तर १९१२ मध्ये प्रजासत्ताकाने बंदी घातली. त्याच सुमारास गिरणीचे स्वस्त सूत खेड्यांत पोहोचले आणि चरख्यावरील मुलीच्या हातांचे मोल घसरले. उत्तर चीनमधील तिंगश्येन येथे १९२९ मध्ये झालेल्या पाहणीत १८९० पूर्वी जन्मलेल्या ९९.२ टक्के स्त्रियांची पावले बांधलेली आढळली, तर १९१९ नंतर जन्मलेल्या एकाही मुलीची नाही.