पंजाबी बोलींची ओळख
पंजाबी माणसाचा मुलूख त्याच्या बोलीवरून बराचसा कळतो. लाहोर-अमृतसरची ‘माझी’ नावाची बोली प्रमाण मानली जाते. ‘तुमचा’ या अर्थी ती ‘तुहाडा’ म्हणते. लुधियाना-भटिंड्याकडील माळवईत ‘थोडा’, तर अंबाला-रोपड पट्ट्यातील पुआधीत हरियाणवीच्या शेजारामुळे ‘थारा’ ऐकू येते. बियास-सतलजमधील जालंदरचा दोआबी ‘वीर’ऐवजी ‘बीर’ म्हणतो. पश्चिमेकडे फरक अधिक खोल आहे. ‘माझी’तला ‘घोडा’ खालच्या सुरामुळे ‘कोडा’सारखा वाटतो; मुलतानी माणूस मात्र तो ‘घ’ स्पष्ट उच्चारतो आणि ‘करांगा’ऐवजी ‘करेसां’ म्हणतो. मुलतानीला, म्हणजे सराईकीला, अनेक भाषक स्वतंत्र भाषा मानतात, आणि त्यांचा दावा वजनदार आहे. १९४७च्या फाळणीत लाखोंनी गावे सोडली; त्यामुळे आज बोलीवरून अनेकदा राहते गाव नव्हे, पूर्वजांचे गाव कळते.