पोटखराबातला साक्षीदार

१८३५च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून सुरू केलेली जमीनमोजणी पुढे सगळ्या दख्खनभर पोचली. तिने जमिनीची प्रत ठरवली, सारा बांधला आणि जिथे नांगर चालत नाही ते तुकडे आकारणीतून वगळले. सातबाऱ्यावर त्यांना आजही ‘पोटखराब’ म्हणतात. हिशेबाला हा शब्द सोयीचा होता, पण त्याच्या आडून एक समज रुजला: नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरचा मुरमाड माळ म्हणजे झाडे तोडून आणि गुरे चारून उजाड झालेली जमीन. मला हा समज चुकीचा वाटतो. माळ हे या भागाचे जुने, मूळचे रूप आहे, आणि त्याचा पहिला साक्षीदार आहे करवानक.

हा टिटव्या-चिखल्यांच्या गणातला पक्षी, पण चिखल सोडून कोरड्या माळावर राहणारा. पायाला मागचे बोट नाही, त्यामुळे फांदी पकडून बसणे त्याला जमत नाही. मोठे पिवळे डोळे रात्री किडे टिपण्यासाठी. घरटे म्हणजे उघड्यावरचा नुसता खळगा आणि त्यात बहुधा दोनच अंडी, भोवतीच्या खड्यांत मिसळून जाणारी. असे शरीर दोन-चारशे वर्षांत घडत नाही. यावर कोणी म्हणेल, पक्षी जुना असेल, पण जंगल तुटल्यावर तो दुसरीकडून इथे आला नसेल कशावरून? शंका रास्त आहे. एकट्या पक्ष्यावरून सिन्नरच्या माळाचे वय ठरत नाही. पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा हा सगळा पट्टा एकच आहे. शेजारच्या संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावाचे नाव ज्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला मिळाले, तिच्याच पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या वस्तीत, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या थरांत, काळविटाची हाडे सापडली आहेत. काळवीट दाट रानात राहत नाही, त्याला मोकळे गवत लागते. ते लोक शेतकरी होते हे खरे, पण त्यांच्या लहान लहान वस्त्यांनी एवढा मुलूख मोकळा केला असेल, हे पटत नाही. येवल्याजवळ ममदापूरच्या माळावर काळवीट अजून आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. करवानक शेतातही दिसतो, मग त्याला माळच कशाला हवा? याचे उत्तर जिरायती शेतीच्या वेळापत्रकात आहे. बाजरी निघाली की कोरडवाहू रान मृगापर्यंत मोकळे पडून राहायचे, आणि या पक्ष्याची वीण मुख्यतः फेब्रुवारी ते ऑगस्टमधली, म्हणजे तिचा मोठा भाग याच काळात येतो. जुन्या शेतीने ठरवून नव्हे, पण वर्षातले काही महिने माळच जपला होता. विहिरी, शेततळी आणि उन्हाळी कांदा आल्यावर ही मोकळीक आटली. शेतकऱ्याला त्याचा दोष देता येणार नाही. सिन्नरच्या दुष्काळी गावांना पाणी हवेच होते. मात्र शेत हातचे गेल्यावर पक्ष्याला उरला तो पोटखराबच, आणि कारखाना, गोदाम किंवा खाण यांसाठी जागा शोधणाऱ्याची पहिली नजर त्याच तुकड्यावर पडते.