अजिंठ्याचा घाट, हबशी पेशवा आणि चिनी रेल्वे

अजिंठ्याची डोंगररांग ही तापी आणि गोदावरी या दोन खोऱ्यांमधली भिंत आहे, आणि तिच्यातला अजिंठ्याचा घाट ही बऱ्हाणपुराकडून दख्खनच्या पठारावर चढण्याची एक जुनी वाट. या परिसराच्या इतिहासात चीन आणि आफ्रिका हे दोन्ही दूरचे प्रदेश एकेकदा ठळकपणे येतात, मात्र अगदी वेगळ्या रीतीने: चीनचा माणूस इथली नोंद करून गेला, तर आफ्रिकेचा माणूस इथे राहिला, राज्यकर्ता झाला आणि इथल्याच मातीत पुरला गेला. चीन व आफ्रिका यांच्या आजच्या संबंधांची चर्चा मराठीत बहुधा परदेशी वृत्तसंस्थांच्या शब्दांत होत असते. दख्खनचा हा जुना अनुभव हाताशी असताना ती तशी होण्याचे काही कारण नाही.

चिनी बौद्ध भिक्षू युआन श्वांग, ज्याला जुन्या मराठी पुस्तकांत ह्युएन त्संग म्हटले आहे, तो इ. स. ६४१ च्या सुमारास चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या राज्यात आला. इथले लोक उपकार न विसरणारे आणि अपमानाचा सूड घेणारे आहेत, असे त्याने लिहिले, आणि राज्याच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरात कोरलेल्या एका भव्य विहाराचे वर्णन केले. तो विहार अचल नावाच्या अर्हताने, म्हणजे निर्वाणपदाला पोचलेल्या भिक्षूने, उभारला आणि त्याच्या दाराशी दगडी हत्ती आहेत, असे तो सांगतो. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातील शिलालेखात स्थविर अचलाचे नाव येते आणि १६ व्या लेण्याच्या पायथ्याशी दोन हत्ती कोरलेले आहेत, म्हणून हे वर्णन अजिंठ्याचेच असे अभ्यासक मानतात. तो स्वतः लेण्यांत आला की ऐकीव माहिती लिहून गेला, हा वाद मात्र मिटलेला नाही. नंतर लेणी झाडीत हरवली, १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली, आणि मग हा चिनी मजकूर त्यांचा इतिहास लावण्याच्या कामी आला.

आफ्रिकेचा संबंध मात्र समुद्रमार्गे आला. अरबी समुद्राच्या व्यापारात चिनी भांडी, रेशीम, हस्तिदंत, घोडे आणि माणसे ही सारीच मालात मोडत. १४०५ ते १४३३ या काळात झेंग हे या चिनी नौसेनापतीच्या सात मोहिमांपैकी काही कालिकत करत पूर्व आफ्रिकेपर्यंत पोचल्या, आणि मालिंदीच्या राज्याने १४१५ मध्ये मिंग सम्राटाला जिराफ नजर केला. चिनी मुत्सद्दी आजही आफ्रिकेत बोलताना या मोहिमांचा दाखला आवर्जून देतात. त्याच समुद्रावरून, पण उलट दिशेने आणि कुणाच्याही नजराण्याशिवाय, अबिसिनियातील म्हणजे आजच्या इथिओपियातील हजारो स्त्री-पुरुष गुलाम म्हणून तांबड्या समुद्राच्या बंदरांवरून अरबस्तानात आणि पुढे दख्खनेत विकले गेले. त्यांना हबशी म्हणत. दख्खनच्या सुलतानांना भाऊबंदकीपासून दूर असलेले, केवळ धन्यावर अवलंबून असणारे सैनिक हवे होते आणि या गरजेतूनच हबशांना लष्करात वर चढण्याची वाट मिळाली.

त्या वाटेने सर्वांत वर गेला तो मलिक अंबर. त्याचा जन्म सुमारे १५४८ चा. मोखा आणि बगदाद या बाजारांतून हात बदलत तो अहमदनगरला आला, तिथे निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले, आणि हा चंगीजखान स्वतःच हबशी होता. १६०० मध्ये चांदबिबीचा खून होऊन अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला, तेव्हा निजामशाही संपली असेच सर्वांना वाटले. अंबराने राजवंशातल्या दुसऱ्या मुर्तजाला परंड्यात गादीवर बसवले, त्याला आपली मुलगी दिली, आणि पुढची पंचवीस वर्षे पेशवा या नात्याने राज्य चालवले. बऱ्हाणपुराहून डोंगररांग ओलांडून येणाऱ्या मोगली फौजांना तो मैदानात भिडत नसे. मराठा बारगिरांच्या, म्हणजे सरकारी घोड्यावर लढणाऱ्या स्वारांच्या, हलक्या तुकड्या घाटांमध्ये आणि रसदेच्या वाटांवर सोडून तो त्यांना उपाशी मारीत असे. या युद्धपद्धतीत शहाजीराजांसारखे सरदार तयार झाले. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला त्याने तलावाचा बांध फोडून मोगल आणि आदिलशाही छावणीत पाणी सोडले आणि दोन्ही फौजांचा मोड केला. शहाजीराजांचे बंधू शरीफजी त्याच लढाईत पडले. जहांगीर बादशहाने अंबराच्या छाटलेल्या मस्तकावर आपण बाण मारत आहोत असे चित्र दरबारी चित्रकाराकडून काढवून घेतले, पण ते मस्तक त्याला चित्राबाहेर कधी पाहता आले नाही.

अंबराची खरी थोरवी तलवारीपेक्षा कारभारात दिसते. जमिनीची प्रत आणि पीक पाहून गावनिहाय सारा ठरवण्याची त्याची पद्धत मलिकंबरी या नावाने मराठी कागदपत्रांत त्याच्यामागेही पुष्कळ काळ वावरली. १६१० च्या सुमारास त्याने खाम नदीकाठी खडकी हे शहर वसवले, तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. उत्तरेकडच्या डोंगरउतारावर जमिनीखाली झिरपणारे पाणी भुयारी पाटात गोळा करायचे, ठिकठिकाणी हवाछिद्रे ठेवून ते उतारानेच पुढे न्यायचे आणि खापरी नळांतून हौदापर्यंत पोचवायचे, अशी त्याची नहर-ए-अंबरी. तिला ना मोट लागत होती ना रहाट. शहराने नावे बदलली, धनी बदलले, पण पाणी शतकानुशतके याच पद्धतीने घेतले. १६२६ मध्ये तो वारला, आणि त्याची कबर खुलताबादला आहे.

अंबराला मोगलांचा शत्रू एवढीच ओळख देणे अपुरे ठरते, कारण मोगल, विजापूर आणि पोर्तुगीज या सत्तांच्या परस्पर वैरातून त्याने स्वतःच्या राज्यासाठी जागा काढली, आणि हे त्याच्यापुरतेच नव्हते. जंजिऱ्याच्या सिद्दींनी, म्हणजे कोकण किनाऱ्यावरच्या हबशांनी, हीच विद्या समुद्रावर वापरली. शिवाजीमहाराजांना आणि संभाजीमहाराजांना त्यांचा किल्ला घेता आला नाही. सिद्दी आधी विजापूरच्या आणि मग मोगलांच्या चाकरीत राहिले, इंग्रजांची इच्छा असो वा नसो पावसाळ्यात आपले आरमार मुंबईच्या बंदरात उभे करीत राहिले, आणि कोणत्याही एका धन्याचे पूर्णपणे झाले नाहीत.

चीनने आफ्रिका विकत घेतली असे जे आज म्हटले जाते, ते या पार्श्वभूमीवर तपासून पाहावे लागते. १९७० ते १९७५ दरम्यान चीनने दारेसलामपासून झांबियापर्यंत सुमारे १,८६० किलोमीटरचा ताझारा लोहमार्ग बांधून दिला. मात्र झांबियाच्या तांब्याला गोऱ्यांच्या ताब्यातील ऱ्होडेशिया टाळून समुद्र गाठून देण्याची मागणी न्येरेरे आणि कौंडा या आफ्रिकी नेत्यांचीच होती, आणि पाश्चात्त्यांनी नकार दिल्यावरच ते चीनकडे वळले होते. २००० मध्ये चीन-आफ्रिका सहकार्य मंच सुरू झाल्यापासून ही देवाणघेवाण कितीतरी पटींनी वाढली. २०१२ मध्ये अदिस अबाबा येथे चीनच्या खर्चाने आफ्रिकी संघाचे मुख्यालय उभे राहिले आणि २०२४ च्या बीजिंग परिषदेत तीन वर्षांसाठी ३६० अब्ज युआनची घोषणा झाली. कर्जाचा बोजा खरा आहे, हेही मान्य करावे लागते. केनियात मोम्बासा-नैरोबी रेल्वेच्या चिनी कर्जाचा गुप्त करार २०२२ च्या निवडणुकीत प्रचाराचा विषय झाला, आणि नव्या सरकारला त्यातला काही भाग प्रसिद्ध करावा लागला. पुढे २०२४ मध्ये करवाढीविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले तेव्हा सरकारला वित्त विधेयक मागे घ्यावे लागले, पण त्या तरुणांचा राग बीजिंगपेक्षा नैरोबीतल्या स्वतःच्या राज्यकर्त्यांवर अधिक होता.

मलिक अंबराच्या इथिओपियात हे चित्र विशेष स्पष्ट आहे. अदिस अबाबा ते जिबुती हा सुमारे ७५० किलोमीटरचा विद्युत लोहमार्ग चिनी कर्जातून बांधला गेला आणि २०१८ पासून त्यावर नियमित वाहतूक सुरू झाली. तो डिरे दावा शहरावरून जातो, आणि तिथून जवळच असलेल्या हरारमधून किनाऱ्याच्या झैला बंदराकडे एकेकाळी गुलामांचे तांडे हाकले जात. कर्ज फेडणे अवघड झाले तेव्हा २०१८ मध्ये इथिओपियाने बीजिंगशी बोलणी करून मुदत दहा वर्षांवरून तीस वर्षांवर नेली. शेजारच्या इवल्या जिबुतीने आपल्या किनाऱ्यावर फ्रान्स, अमेरिका, जपान आणि इटली यांना लष्करी तळ दिलेले होते. २०१७ मध्ये चीनलाही दिला, आणि पाचही जणांकडून त्याचा मोबदला तो घेतो.